नियम एकोणचाळीस

काका माझ्याशी पहिल्यांदा जे वाक्य बोलले ते असं होतं: "पोरी, जरा नैर्ऋत्येला सरक, उजेड अडतोय."

मी हललेच नाही. नैर्ऋत्य म्हणजे कुठली दिशा, हे मला आधी डोक्यात इंग्रजीत करून घ्यावं लागलं, आणि तोवर ते स्वतःच खुर्ची ओढून बाजूला झाले होते. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. चहाचा कप पूर्वेला ठेवायचा, पंख्याचं बटण उत्तरेकडचं. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याला "भाताच्या पश्चिमेला वाढ" असं सांगितलं होतं आणि तो बिचारा पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे निघून गेला होता. गल्ली हसायची. काकांना त्याचं काही नव्हतं. "डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं," ते म्हणायचे. "उत्तर जाग्यावर ऱ्हाते."

ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. परंड्यात आमच्या समोरच्याच घरात राहायचे. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून एकटे. माझी शाळा बार्शीतली, इंग्रजी माध्यमाची; मग पुण्याला कॉलेज. नोकरीचं पत्र येईल येईल म्हणून मी घरी येऊन बसले होते. इतकी वर्षं समोर राहून मी काकांशी एक शब्द बोलले नव्हते. फार कुणाशीच बोलत नव्हते. फोन वाजला की आजही मी लगेच उचलत नाही. आधी नाव बघते, मग तो वाजून थांबण्याची वाट बघते, मग मेसेज टाकते.

त्या दिवशी आईनेच ढकललं. "काकांचा फोन काहीतरी झालाय म्हणे. जा, बघ जरा. नुसती बसून असतीस."

फोनला काही झालं नव्हतं, त्याची जागा भरली होती. मी जुने फोटो काढून टाकत होते. सगळे फोटो एकाच गोष्टीचे होते: चौकटी आखलेला एक नकाशा, त्यावर रंगवलेले चिंचोके आणि लाल गुंजा. मी विचारलं नाही. काकांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"विचारलं न्हाईस, हे काय हाय म्हणून."

मी मान हलवली.

"आधीचा पंच पहिल्या मिनिटाला विचारला व्हता. पोस्टात व्हता तो. त्याच्या पोटात गोष्ट टिकायची न्हाय. सोमवारपास्नं अकराला येत जा."

असं माझं काम ठरलं. मला हो म्हणायला वेळच मिळाला नाही, आणि नाही म्हणायची मला सवय नव्हती.

खेळ असा होता. एक भुईकोट किल्ला, दख्खनच्या जुन्या शाह्यांच्या काळातला. परंड्याच्या किल्ल्यासारखाच, पण परंड्याचा नाही. ओळखीच्या किल्ल्यावर माणूस हळवा होतो, असं काकांचं मत. एकाने किल्ला राखायचा, दुसऱ्याने वेढा घालायचा. चिंचोके म्हणजे माणसं, गुंजा म्हणजे तोफा, कवड्या म्हणजे रसदेचे बैल. कोणती तोफ ओढायला किती बैल, किती बैलांना किती वैरण, पावसाळ्यात चिखलातून दिवसाला किती कोस, हे सगळं एका वहीत लिहिलेलं. अडतीस नियम होते. काकांनी ते जुनी पुस्तकं वाचून केले होते, आणि जिथे पुस्तकं नव्हती तिथे स्वतः बैलगाडीमागे चालून.

काका वेढा घालायचे. किल्ला राखायचे त्यांचे मित्र, न्यूझीलंडमधून.

ते मूळचे उमरग्याकडचे, घरी कन्नड बोलणारे. निवृत्तीनंतर मुलीकडे गेले ते तिकडेच राहिले. काका त्यांना किल्लेदार म्हणायचे, म्हणून मीही. दोघांनी तीस वर्षं एकाच साखळीची दोन टोकं धरून जिल्हा मोजला होता. शेताच्या या बांधावर काका, त्या बांधावर किल्लेदार. काका ओरडायचे, "किती?" पलीकडून आकडा यायचा. आकडा पटला नाही की काका पुन्हा ओरडायचे, "परत मोज!" ढोकीकडे एकदा दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले, तर काकांनी साखळीचं एक टोक एकाच्या हातात दिलं, दुसरं दुसऱ्याच्या, आणि म्हणाले, धरा, माझा माणूस जेवायला गेलाय. "साखळी दोन्ही हातांनी धराय लागते. मग कुऱ्हाड कशानं धरनार?"

हा खेळ त्या मुक्कामांवरच सुरू झाला, रद्द झालेल्या नकाशांच्या पाठीवर. चौदा वर्षांपूर्वी किल्लेदार परदेशी गेल्यावर पहिले दोन डाव पत्रांनी झाले, एकेका फेरीला महिना लागायचा. मग फोन आला आणि नवाच घोळ झाला. "त्याच्या आवाजावरनं मला कळाय लागलं, तोफ कुठं दडवलीय," काका म्हणाले. "आन् माझ्या आवाजावरनं त्याला. मग खेळायचं काय?" तेव्हा पहिला नियम बदलला: डाव चालू असताना दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. सगळं पंचामार्फत. आणि डाव तर वर्ष-वर्ष चालायचे.

म्हणजे सोमवारी आणि गुरुवारी सकाळी अकराला मी समोर जायची. काका हुकूम सांगायचे, मी हिरव्या वहीत लिहायची. मग बाहेर ओट्यावर जाऊन न्यूझीलंडला फोन लावायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची. किल्लेदार त्यांचे हुकूम सांगायचे, ते तपकिरी वहीत. मग आत येऊन फासा टाकायचा आणि निकाल वाचायचा. दोन्ही बाजू ज्याच्यावर दिसतात असा तिसरा नकाशा माझ्या घरी, कपाटात, ड्रेसखाली घडी करून ठेवलेला असे. त्या दोघांना एकमेकांचं फारसं काही दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं, आणि त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस मी काकांच्या नजरेला नजर देत नसे.

सुरुवातीलाच मी एक मोठी चूक केली. चौकोनाचे आकडे मराठीतून सांगायचे असत आणि शाळेत मी सेव्हन्टी-नाइन शिकलेली. एकोणऐंशी की एकोणनव्वद, यात माझी नेहमी गडबड व्हायची. मी एकोणऐंशीच्या जागी एकोणनव्वद लिहिलं आणि काकांची सगळ्यात मोठी तोफ, बारा जोड्या बैलांची, थेट खंदकात गेली. घरी येऊन तिसऱ्या नकाशावर पाहिल्यावर मला ते कळलं. मी रडवेली होऊन परत गेले आणि खरं काय ते सांगितलं.

काका शांतपणे म्हणाले, "पंचानं सांगितलं ना? मग तोफ खंदकात."

"पण काका, माझी चूक आहे."

"तोफा चुकूनच खंदकात पडतात. मुद्दाम कोन पाडतंय?" मग नकाशावरची गुंज उचलून त्यांनी डबीत टाकली. "फक्त इथनं पुढं अंदाजानं लिहू नको. मोजून लिही."

किल्लेदारांना हे समजलं तेव्हा ते फोनवर इतके हसले की त्यांना खोकला लागला. "होगली बिडु, पोरी. जाऊ दे. त्याला सांग, खंदकात अजून एका तोफेला जागा हाय."

असे निरोप चालायचे. काकांनी सांगायचं, "त्याला विचार, किल्ल्यात उंदीर खायला सुरुवात केली का?" तिकडून उत्तर यायचं, "सांग, उंदीर हायेत अजून, पाहुणा म्हणून ये." मी दोन्हीकडे जसंच्या तसं वाचून दाखवायची, चेहरा हलू न देता. त्यांना तेच आवडायचं बहुतेक.

पण घरचं काही कधी बोललं जायचं नाही. तब्येत कशी, मुलगी कशी, काही नाही. काकू गेल्या तेव्हाही एक डाव चालू होता. कुणीतरी तिकडे कळवलं. दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या पंचाकडे किल्लेदारांचा हुकूम आला: तेरा दिवस किल्ल्यावरच्या तोफा बंद. एवढंच. काकांनी मला ते वहीत दाखवलं होतं.

"फोन नाही केला त्यांनी?"

"नियम हाय की."

"पण अशा वेळी..."

"अशा वेळेसाठी सतरावा हाय," असं म्हणून त्यांनी वही पुढे केली. नियम सतरा: ज्याला बोलायचे असेल त्याने पांढरे निशाण लावावे. निशाण लावील तो डाव हरला.

"कुणी लावलंय कधी?"

"चौदा वर्षांत?" काका हसले. "ज्याला बोलायची घाई, त्यानं किल्ल्याच्या भानगडीत पडू नये." मग वही मिटून म्हणाले, "तेरा दिवस. माझ्या बाजूनं चार माणसं भिंतीखाली उघड्यावर व्हती. मारली असती त्यानं. तेवढं पुरं झालं मला."

चौदा वर्षांत काकांना किल्ला एकदाही घेता आला नव्हता. या वेळी मात्र तो पडणार होता. अकरा महिने डाव चालला होता. काकांनी सगळ्या वाटा बंद केल्या होत्या आणि किल्ल्यात धान्य किती उरलं, हे ते बाहेरून आत गेलेल्या कवड्या मोजून काढत होते. "तीन फेऱ्या," ते म्हणायचे, "लई तर चार." तपकिरी वहीप्रमाणे तीनच होत्या. मी चेहरा हलू दिला नाही.

तेव्हाच एका रविवारी किल्लेदारांचा मेसेज आला. एका कागदाचा फोटो आणि एक आवाज. फोटोत पुढच्या तिन्ही फेऱ्यांचे हुकूम एकदमच लिहिलेले होते. आवाज मी तीनदा ऐकला.

"पोरी, माझ्या छातीचं ऑपरेशन हाय. तीन ठिकाणी बंद हाय म्हणतात आत, वाटा नव्या काढनार. शुक्रवारी सकाळी. गुरुवारी भरती करून घेतील, मग फोनचं काय सांगता येत न्हाय. म्हणून हुकूम लिहून ठेवलेत. तू वाचत जा. त्याला यातलं काई बोलू नको. तो घड्याळ घेऊन मोजत बसंल नुसता. पंच हायेस तू."

शेवटी नुसता श्वास ऐकू येत होता. मग बंद.

पुढचे चार दिवस मी नीट जेवले नाही. सांगितलं, तर पंच म्हणून मी गेले, आणि एका माणसाने ऑपरेशनच्या आधी मागितलेली एकच गोष्ट मोडली. नाही सांगितलं आणि शुक्रवारी काही झालं, तर काका मला आयुष्यभर विचारणार, तुला माहीत होतं? आणि मला हो म्हणावं लागणार. आईला सांगावंसं वाटलं, पण आईला सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं. मी कपाट उघडून तिसऱ्या नकाशाकडे बघत बसायची. त्यात याचं उत्तर नव्हतं.

सोमवारी मी निभावलं. हुकूम लिहून घेतले, ओट्यावर गेले, बंद फोन कानाला लावून रस्त्याकडे बघत उभी राहिले. मधून मधून "हो" म्हणाले. समोरून आईने हात केला, मी ओळख दिली नाही. नऊ मिनिटांनी आत आले आणि कागदावरून वाचलं. काकांनी नेहमीसारखी मान हलवली.

गुरुवारी मी आरशासमोर तयारी करून गेले. आवाज सपाट ठेवायचा, डोळे वहीत, श्वास सावकाश. काकांनी हुकूम सांगितले: तोफा पुढे, पूर्वेच्या बुरुजावर मारा. मी लिहिलं. तपकिरी वही उघडली, किल्लेदारांचे हुकूम वाचले, फासा टाकला, निकाल सांगितला. बुरुजाला भगदाड. किल्ल्यातली माणसं आतल्या तटामागे. आवाज जरासुद्धा हलला नाही. मला वाटलं, झालं, सुटले.

 भगदाड पडलं तरी काका नकाशाकडे बघेनात. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "तू उठली न्हाईस."

"अं?"

"ओट्यावर. रोज अकरा मिनिटं लागतात तुला. सोमवारी नऊ. आज शून्य."

चेहरा सांभाळला होता, आवाज सांभाळला होता. पाय विसरले होते.

मी वहीकडे बघत राहिले.  काकांच्या हातात एक चिंचोका होता, तो ते अंगठ्याने पुसत होते.

"म्हणजे हुकूम आधीच आलेत," ते हळू म्हणाले. "किल्लेदार हुकूम आगाऊ लिहून कधी ठेवतो? तो सोता किल्ल्यात नसनार, तवा. आन् वेढा पडल्यावर किल्लेदार जातो कुठं?"

"काका, मी..."

"थांब. मी इचारत न्हाय. पंचाला इचारायचं न्हाय." त्यांचा आवाज चढला होता. "तू सांगायचं बी न्हाय."

ते उठले. खोलीच्या दक्षिणेला एक जुनी लोखंडी पेटी होती, मोजणीच्या काळातली. ती उघडून ते बराच वेळ आत हात घालून शोधत होते. साखळीचा आवाज झाला. मग ते एक झेंडी घेऊन आले, लांबच्या बांधावर उभ्या माणसाला खूण करायची, पांढऱ्या कापडाची, कडेला पिवळी पडलेली. कात्रीने त्यांनी तिचा नखाएवढा तुकडा कापला, काडीला गुंडाळला आणि ती काडी नकाशावर, स्वतःच्या छावणीत, टोचली. पहिल्यांदा टोचली जाईना. 

"लिही."

"काका, फक्त एक फेरी..." माझ्या तोंडून निघून गेलं. मी जीभ चावली. धान्य किती उरलं हे मी पहिल्यांदाच फोडलं होतं.

"म्हाईत हाय मला. मोजलंय." ते म्हणाले. "लिही. वेढ्याकडनं पांढरं निशाण. अकरा वाजून चौदा मिनिटं. आन् आता ऊठ, फोन लाव."

मी ओट्यावर गेले नाही. तिथेच उभी राहून लावला. पहिल्यांदा वाजून वाजून बंद झाला. काकांनी भिंतीवरचं घड्याळ काढून हातात घेतलं होतं. माझ्या मनात नको नको ते आलं: उशीर झाला असेल, फोन मुलीच्या पर्समध्ये असेल, पर्स गाडीत असेल. दुसऱ्यांदा लावला. सहाव्या रिंगला आवाज आला, मागे कुणीतरी इंग्रजीत काहीतरी विचारत होतं.

"काय ग पोरी? हुकूम दिलेत की सगळे."

"निशाण लागलंय."

"कुणाचं?"

"काकांचं."

मागच्या इंग्रजी आवाजाला त्यांनी थांबवलं. मग, "खोटं बोलतीस."

"पंच सांगतेय," मी म्हणाले. माझा आवाज फाटला.

"एक फेरी थांबला असता तर किल्ला मिळाला असता की गाढवाला," किल्लेदार म्हणाले, पण नीट हसू फुटत नव्हतं त्यांना. "दे. त्याला दे."

मी फोन काकांना दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि दोन्ही बाजूंना कुणीच बोलेना. मला वाटलं, कट झाला. मग काकांनी एकदम मान वर केली आणि शेताच्या पलीकडल्या बांधावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"किती?"

तिकडून काहीतरी आकडा आला असणार.

"परत मोज!" काका ओरडले, आणि त्यांचा चेहरा बदलायला लागला. मी बाहेर ओट्यावर गेले आणि दार ओढून घेतलं.

अकरा महिने मी त्या दोघांचा एकेक शब्द ऐकला होता. तेव्हाचं मात्र मला काही माहीत नाही. मी ओट्यावर रिकाम्या हातांनी बसले होते. समोर आई कपडे वाळत घालत होती. मी मिनिटं मोजली. तेवीस झाली.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला किल्लेदारांच्या मुलीचा मेसेज आला. ऑपरेशन झालं, बाबा अजून शुद्धीवर नाहीत, पण डॉक्टर ठीक म्हणतायत. काका घरी नव्हते. सकाळी ते परंड्याच्या किल्ल्याभोवती फिरायला जायचे; मी चप्पल न घालताच तिकडे पळाले. ते खंदकाच्या काठाने चालत होते, ओठ हलत होते, पावलं मोजत होते. मी सांगितलं. ते थांबले.

"किती वाजता झालं?"

"ते नाही लिहिलं."

"अंदाजानं काय सांगतात माणसं," ते रागाने म्हणाले आणि तिथेच दगडावर बसले. मी थोड्या अंतरावर उभी राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मोजलेलं इसरलो बघ. आता परत उत्तरेच्या दरवाज्यापास्नं सुरू कराय लागंल."

त्यानंतर तीन आठवडे मला बोलावणं आलं नाही. मला खात्री होती की मला काढलंय. बातमी माझ्याकडून फुटली होती. पायांनी का होईना, फुटली होती. किल्लेदारांनीही मेसेज केला नाही. मी तिसरा नकाशा घडी करून परत द्यायला काढून ठेवला.

चौथ्या सोमवारी सव्वाअकराला काकांनी रस्त्यापलीकडून हाक मारली, "पंच! पंधरा मिनिटं उशीर!"

टेबलावर नवा डाव मांडलेला होता. निकालाच्या पानावर काकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: किल्ला अजिंक्य. त्यांनी नियमांची वही माझ्यापुढे सरकवली, पूर्वेला, आणि बोट ठेवलं. अडतिसाव्याखाली ताजी शाई होती. आकडा मी मनात दोनदा मोजून मग वाचला. नियम एकोणचाळीस: प्रत्येक फेरीला पंचाने उठून ओट्यावर जावे. फोन असो वा नसो.

"दोघांनी मिळून केलाय," काका म्हणाले. "त्यानं सांगितलं, मी लिहिला."

पुढे वर्षभराने मला पुण्यात नोकरी लागली. तिसरा नकाशा आता माझ्या इथल्या कपाटात आहे आणि काकांचे हुकूमही आता फोनवरच येतात. फोन वाजला की अजूनही आधी नाव बघते. किल्लेदारांचं नाव दिसलं की दोनदा, कधी दुसरंच कुणी बोलेल म्हणून. डाव सुरू आहे. काका वेढा घालून बसलेत, अजून सगळ्या वाटा बंद झालेल्या नाहीत. मध्ये एकदा किल्लेदारांचे चार फेऱ्यांचे हुकूम एकदम आले. का, ते मी विचारलं नाही. त्या चारही वेळा काकांचा फोन चालू ठेवून मी उठले, गॅलरीत गेले, आणि रस्त्याकडे बघत अकरा मिनिटं उभी राहिले.